मधलं रान

नकाशात जंगल जिथं संपतं तिथं एक रेघ असते. रेघेच्या आत हिरवा रंग, बाहेर पांढरा. पूर्व विदर्भातल्या जंगलांच्या कडेनं मी वर्षानुवर्षं हिंडत आले आहे, आणि ही रेघ मला जमिनीवर कधी दिसलेली नाही. सागाची दाटी विरळ होत जाते, मग पळस लागतात, मग बोरी-बाभळींचं झुडपी रान, त्यातून वळत जाणारी पांदण. पांदणीच्या एका अंगाला तूर, दुसऱ्या अंगाला धानाच्या बांध्या, त्यांच्या पलीकडं मालगुजारी तलावाची पाळ, पाळीखालून निघालेला नाला, नाल्याच्या काठानं करंज नि उंबर. आणि चार वावरं ओलांडली की पुन्हा सागाची पहिली तुरळक झाडं उभी. जंगल नक्की कुठं संपलं आणि कुठं पुन्हा सुरू झालं, हे तिथं उभं राहून कुणालाच सांगता यायचं नाही.

या मधल्या जमिनीला नाव नाही. नागझिऱ्याला आहे, ताडोबाला आहे, पेंचला आहे. तिथं कमानी आहेत, तिकिटं आहेत, पर्यटकांच्या जिप्सी आहेत. मधल्या जमिनीची ओळख मात्र तलाठ्याच्या दप्तरात तुकड्यातुकड्यांनी विखुरलेली असते: झुडपी जंगल, गायरान, पडीक, कुणाकुणाचा सातबारा. तरीही माझी खात्री होत गेली आहे की नाव असलेल्या जंगलांचं भवितव्य या बिननावाच्या जमिनीवर ठरतं. आत राहणारे जीव आत जगतात खरे, पण त्यांचा वंश इथून जातो.

वाघाचं पिल्लू दीड-दोन वर्षांचं झालं की आईपासून वेगळं होतं. मादी बहुधा आईच्या मुलखाच्या आसपास जागा शोधते. नराला मात्र निघावं लागतं, कारण त्या मुलखावर दुसऱ्या थोराड नराचा हक्क असतो. तो निघतो तेव्हा पुढं जंगल आहे की नाही, हे त्याला ठाऊक नसतं. त्याच्या अंगात मात्र आईचा अर्धा आणि बापाचा अर्धा वारसा असतो. तो दुसऱ्या जंगलात पोचला, तिथं टिकला, तिथल्या वाघिणीला त्याच्यापासून पिल्लं झाली, की एका रानाचा वारसा दुसऱ्या रानात मुरतो. शास्त्रज्ञ याला जनुकप्रवाह म्हणतात. वाघांच्या बाबतीत हा प्रवाह चार पायांवर चालतो, बहुतेक रात्री, नाल्याच्या काठाकाठानं.

नागझिऱ्यात जन्मलेला जय नावाचा नर २०१३ साली असाच निघाला आणि उमरेड-कऱ्हांडल्याला पोचला. शंभराहून अधिक किलोमीटरचा हा मुलूख. मधे राष्ट्रीय महामार्ग, मधे भरल्या पात्राची वैनगंगा, मधे भंडारा जिल्ह्यातली गावं आणि धानाची खाचरं. उमरेड-कऱ्हांडला तेव्हा नुकतंच अभयारण्य झालं होतं. जयनं तिथं आपला मुलूख उभा केला, तिथल्या वाघिणींना त्याच्यापासून पिल्लं झाली, आणि ती पिल्लं पुढं आजूबाजूच्या रानांत पसरली. एप्रिल २०१६ नंतर जय कुणाला दिसला नाही. त्याचं काय झालं याचा शोध पुष्कळ झाला, चर्चा त्याहून अधिक झाली. माझ्या मनात त्याची नोंद वेगळी आहे: नागझिऱ्याचं रक्त वैनगंगेपलीकडं पोचवून तो गेला.

दुसरा एक नर टिपेश्वरचा. यवतमाळ जिल्ह्यातल्या या लहानशा अभयारण्यात तो जन्मला. २०१९ च्या सुरुवातीला त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर घातली गेली आणि जूनमध्ये तो निघाला. पैनगंगेच्या खोऱ्यातून, तेलंगणातल्या आदिलाबादकडून, मराठवाड्याच्या कडेनं, कपाशी आणि तुरीच्या वावरांतून, रस्ते आणि नाले ओलांडत तो चालत राहिला. दिवसा कुठल्या तरी झुडपात पडून राहायचं, रात्री चालायचं. एकदा तो असा विसावलेला असताना माणसं अगदी जवळ पोचली आणि एक जण जखमी झाला. ती एक घटना सोडली, तर शेकडो गावांच्या शिवारांतून तो कुणाच्या अध्यात-मध्यात न येता गेला. डिसेंबरमध्ये तो बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला तेव्हा त्याची चाल १,३०० किलोमीटरच्या वर गेली होती. कॉलर काढेपर्यंत ती ३,००० वर गेली. जगभर त्याचं कौतुक झालं. पण ज्ञानगंगेत वाघीण नव्हती. एवढं चालूनही तिथं त्याचा वंश रुजायला जागाच नव्हती.

हे दोन प्रवास मी नेहमी शेजारी शेजारी ठेवते. पोचणं आणि रुजणं यांतलं अंतर त्यांनी मला दाखवलं. जनावर एका रानातून दुसऱ्या रानात गेलं, एवढ्यानं जनुकं गेली असं होत नाही. वाट हवी, वाटेच्या टोकाला रान हवं, आणि त्या रानात आधीपासून कुणी तरी असायला हवं.

आणि हे सगळं कशासाठी, असं कुणी विचारलं तर त्याचं उत्तर लहान समूहांच्या नशिबात आहे. रानात पन्नासऐवजी पाच-सात जोड्याच उरल्या, की प्रत्येक पिढीत वारशाचे काही प्रकार गळून जातात. ते वाईट होते म्हणून गळाले असं नसतं. ज्या वाघाकडं ते होते तो विजेच्या तारेला चिकटला, ज्या वाघिणीकडं होते तिची पिल्लं जगली नाहीत, एवढंच. दैवयोगानं गेलेलं पुन्हा येत नाही. मग उरलेले आपसात जुळतात, चुलत-मावस नाती दुहेरी होतात, आणि एरवी दबून राहिलेले दोष दोन्ही बाजूंनी एकत्र येऊन उघडे पडतात. अमेरिकन शास्त्रज्ञ स्यूअल राइट यांनी १९३१ साली या दैवयोगाचं गणित मांडलं. त्यातून एक दिलासा निघाला: दर पिढीला बाहेरून एखादा जरी जीव आला आणि त्याचा वंश तिथं वाढला, तरी दोन समूहांचं एकमेकांपासून तुटत जाणं बऱ्याच अंशी आवरतं. एका पिढीत एखादाच. इतकं थोडं निसर्ग मागतो, आणि तेवढंही आपण देऊ शकत नाही अशा जागा देशात आहेत.

राजस्थानातल्या रणथंबोरचे वाघ तसे. चहूकडून अडकलेले. २०२१ साली त्यांच्या जनुकांचा जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात निकटच्या नात्यांतल्या प्रजननाच्या खुणा स्पष्ट दिसल्या. ओडिशातल्या सिमिलीपालचं चित्र तर डोळ्यांनीच दिसतं. तिथल्या कित्येक वाघांचे पट्टे इतके रुंद होऊन एकमेकांत मिसळलेले असतात की वाघ काळा वाटतो. बेंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातल्या उमा रामकृष्णन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की हा एका जनुकातल्या एका बदलाचा परिणाम आहे. आईकडून आणि बापाकडून, दोन्हीकडून तो बदल आला तरच रंग असा उतरतो. बाकी देशात असा वाघ रानात आढळत नाही. सिमिलीपालात तो वरचेवर दिसतो, कारण तिथले वाघ मोजक्याच पूर्वजांचे वंशज आहेत आणि बाहेरून कुणी येत नाही. लोक त्या काळ्या वाघाचं छायाचित्र पाहून हरखतात. मला त्या छायाचित्रात एक बंद पडलेली वाट दिसते.

ती वाट चालत उघडणं आता अवघड झालं, म्हणून २०२४ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात जमुना आणि झीनत या दोन वाघिणी आपल्या ताडोबाहून सिमिलीपालला नेल्या गेल्या, गाडीतून. झीनत तिथून निघाली, झारखंड ओलांडून पश्चिम बंगालच्या बांकुड्यापर्यंत गेली, आणि डिसेंबरअखेरीस तिला बेशुद्ध करून परत आणावं लागलं. माणसानं ठरवलेल्या ठिकाणी ती थांबली नाही. या प्रयत्नाचं मोल मी कमी लेखत नाही. अमेरिकेत फ्लोरिडात पँथरांची संख्या वीस-तीसवर आली, शेपट्या वाकड्या होऊ लागल्या, हृदयात दोष दिसू लागले, तेव्हा १९९५ साली टेक्सासहून आठ माद्या आणून सोडल्या गेल्या आणि तो वंश सावरला. औषध म्हणून हे करावं लागतं. पण चंद्रपुरातून वाघीण पिंजऱ्यात घालून ओडिशात न्यावी लागते, तेव्हा मधली सगळी जमीन आपण गमावून बसलो आहोत याची ती कबुली असते.

मध्य भारतात ती अजून गमावलेली नाही, आणि हे आपल्याला कळलं ते वाघाच्या विष्ठेतून. वाघ दिसायला दुर्लभ, पण जंगलवाटेवर त्याची विष्ठा सापडते. तिच्यावर त्याच्या आतड्याच्या पेशी चिकटून आलेल्या असतात. वनरक्षक आणि अभ्यासक उन्हातान्हात त्या वाटा तुडवतात, नमुने कुपीत घालतात, आणि प्रयोगशाळेत त्यातून एकेका वाघाची ओळख, त्याचं नातं, त्याच्या मूळ रानाचा अंदाज निघतो. २०१३ साली असे दोन मोठे अभ्यास प्रसिद्ध झाले. एकानं सातपुडा, मेळघाट, पेंच आणि कान्हा या चार रानांचे वाघ तपासले आणि दाखवलं की जिथं मधे जंगलाची पट्टी शाबूत आहे, तिथं जनुकांची ये-जा जुन्या काळापासून आजवर टिकली आहे. दुसऱ्यात मध्य भारतात ६५० किलोमीटरपर्यंतच्या अंतरावरून वाघ पोचल्याच्या खुणा मिळाल्या. नुसतं जंगल धरून एवढं अंतर कापताच येत नाही. हे वाघ शेतांतून, गावांच्या शिवेवरून, आपल्या झोपेच्या वेळी गेले.

या शास्त्राला भूदृश्य-आनुवंशिकी म्हणतात. जमिनीचा प्रत्येक तुकडा जनावराला किती अडवतो, याचा त्यात हिशेब होतो. त्यातली एक पद्धत विजेच्या गणितावर उभी आहे: जंगल म्हणजे कमी रोध, शेत म्हणजे थोडा अधिक, वस्ती आणि रहदारीचा रस्ता म्हणजे फार. या गणितातली एक गोष्ट मला विलक्षण वाटते. वीज एकाच सोप्या वाटेनं जात नाही, ती जितक्या समांतर वाटा असतील तितक्यांतून थोडी थोडी जाते, आणि वाटा वाढल्या की एकूण रोध घटतो. म्हणजे जंगलाची एक रुंद पट्टी राखली आणि बाकीचं सोडून दिलं, असं चालत नाही. आडवाटेचा नाला, बोरींचं गायरान, तलावाच्या पाळीवरची झाडं, यांचाही त्या हिशेबात वाटा असतो. ज्याला आपण रिकामं म्हणतो ते रिकामं नसतं.

प्रत्येक जनावराचा हिशेब वेगळा निघतो. मध्य भारतात वाघ, बिबट्या, अस्वल आणि रानमांजर यांचा एकत्र अभ्यास झाला, तेव्हा दिसलं की माणसांच्या पसाऱ्याचा त्रास वाघाला आणि अस्वलाला जास्त होतो. बिबट्या आणि रानमांजर त्यातून वाट काढतात. म्हणून वाघ जातो तिथून सगळे जातील असं समजणंही पुरेसं नाही. बेडूक, सरडा, जमिनीलगत उडणारा पक्षी यांच्यासाठी डांबराचे चार पट्टेही पुरेसे रुंद असतात.

तुटणं निसर्गालाही ठाऊक आहे, हे मला मान्य आहे. सह्याद्रीची रांग केरळात एके ठिकाणी खाली उतरते आणि सुमारे चाळीस किलोमीटर रुंदीची पालघाट खिंड तयार होते. तिच्या उत्तरेचे हत्ती आणि दक्षिणेचे हत्ती जनुकांनी वेगळे निघाले. उंच डोंगरांवरच्या शोला जंगलात राहणारा शोलाकिळी नावाचा निळसर पक्षी तर खिंडीच्या दोन्ही बाजूंना दोन वेगळ्या जाती होऊन बसला. गार, दमट सावलीतून बाहेर न पडणाऱ्या त्या पक्ष्याला खालची गरम दरी ओलांडता आली नाही. पण त्या विलग होण्याला लाखो वर्षं मिळाली, आणि त्यातून नवं काही जन्मलं. त्याच पक्ष्यांच्या अभ्यासात दुसरीही गोष्ट दिसली: अलीकडं, चहाचे मळे आणि लागवडी यांनी शोला तोडल्यावर, जवळजवळच्या डोंगरांवरचे पक्षीही एकमेकांपासून तुटू लागले आहेत. हे तुटणं शे-दीडशे वर्षांतलं आहे. एवढ्या वेळात नवी जात घडत नाही. असलेलं मात्र गळून जायला तेवढा वेळ पुरतो. काळ कमी आणि जीव थोडे असले की विलगीकरणातून निर्मिती होत नाही, नुसती झीज होते.

आपल्याकडं ही झीज कुठून येईल हे उघड आहे. मध्य भारतातल्या वाघांवर संगणकावर पुढच्या शतकाची चाचणी करून पाहिली गेली. बेशिस्त विकास असाच चालू राहिला तर संरक्षित रानांतून वाघ नाहीसा होण्याची सरासरी शक्यता ५६ टक्क्यांनी वाढते, असं त्यात निघालं. आणि सर्वांत धोक्याच्या जागांत नाव होतं उमरेड-कऱ्हांडल्याचं. जय जिथं पोचला, रुजला, तेच रान. तिथला वंश सतत बाहेरून येणाऱ्यांवर तगतो. येणं थांबलं की तो थांबला.

तरीही हातात उपाय नाही असं म्हणायला मी तयार नाही. नागपूरहून सिवनीकडं जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ पेंचच्या रानातून जातो. तो चौपदरी करायचं ठरलं तेव्हा मोठा वाद झाला, प्रकरण न्यायालयात गेलं, आणि अखेर महाराष्ट्राच्या बाजूला सोळा किलोमीटरच्या टप्प्यात नऊ ठिकाणी जनावरांना खालून जाता येईल असा रस्ता उचलून बांधला गेला. त्यांतला सर्वांत मोठा पूल ७५० मीटर लांब आहे. २०१९ साली या नऊही ठिकाणी कॅमेरे लावले तेव्हा अठरा जातींचे प्राणी ये-जा करताना टिपले गेले. अकरा वेगवेगळे वाघ तिथून गेले, आणि त्यांची ये-जा ८९ वेळा नोंदली गेली. हे आकडे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा माझे डोळे भरून आले होते. कुणी तरी भांडलं होतं, कुणी तरी आराखडा बदलला होता, आणि रानानं लगेच हो म्हटलं होतं.

पण पूल जिथं उतरतो त्याच्या पुढं काय, हा प्रश्न उरतोच. तिथं वावर आहे, वावरात रात्री रानडुकरं येतात, आणि पीक वाचवायला कुणी कुंपणात उघडी वीज सोडतो. जयचा मुलगा श्रीनिवासन २०१७ साली नागभीडकडं अशाच विजेच्या तारेला चिकटून मेला. बापानं आणलेला वारसा त्याच्या शरीरात होता. मला त्या मरणाचा संताप येतो, आणि त्याच वेळी त्या शेतकऱ्याच्या रात्रीही मला दिसतात. चंद्रपुरात दरवर्षी माणसं वाघाच्या हल्ल्यात मरतात: पहाटे मोह वेचताना, तेंदूपत्ता तोडताना, ढोरांमागं, बांधीत वाकलेली असताना. भिवापूरकडच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं मला एकदा म्हटलं होतं, "ताई, वाघ जाते त जाऊ द्या, त्याले कोन अडवते? पन रातच्यानं जागलीले मी जातो, माले कोनी मोजते का?"

त्याच्या प्रश्नात माझ्या या सगळ्या विचाराचं मूळ आहे. आपण वाघ मोजतो. देशात २००६ साली १,४११ होते, २०२२ च्या अंदाजात ३,६८२ झाले. महाराष्ट्रात १०३ चे ४४४ झाले. हे यश खरं आहे, कष्टाचं आहे. पण ते नुसत्या डोक्यांचं मोजमाप आहे. कोण कुठून आलं, कुठं पोचलं, कुठं रुजलं, आणि वाटेतल्या कुणी ते येणं-जाणं सोसलं, याची मोजणी आपल्या सार्वजनिक हिशेबात येत नाही. देशातले वाघांचे ३२ प्रमुख भ्रमणमार्ग २०१४ साली राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण आणि भारतीय वन्यजीव संस्था यांनी नकाशावर आणले. २०२५ साली सर्वोच्च न्यायालयानं विदर्भातलं झुडपी जंगल ही वनजमीनच असल्याचं ठरवलं. या दोन्ही गोष्टींनी मला बळ मिळतं, कारण मधल्या जमिनीकडं कुणी तरी पाहिलं. आता त्या पाहण्यातून कृती व्हायला हवी. रस्त्याचा, कालव्याचा, खाणीचा आराखडा कागदावर असतानाच जनावरांची वाट त्यावर आखली जावी. काँक्रीटच्या गुळगुळीत काठांच्या कालव्यांवर ओलांडायला पूल असावेत. नाल्यांचे काठ आणि गायरानं विकली जाऊ नयेत. आणि ज्या शिवारातून वाघ जातो त्या शिवाराला, नुकसान झाल्यावर हेलपाटे घालून नव्हे, वाट राखल्याबद्दल हक्कानं, दरसाल मोबदला मिळावा.

जंगल राखायला आपण पन्नासेक वर्षांत शिकलो. जंगलांमधलं नातं राखायला अजून शिकायचं आहे. ते काम अभयारण्यांच्या कमानीच्या आत होणार नाही. ते तुरीच्या वावरात, गायरानावर, तलावाच्या पाळीवर आणि ग्रामसभेच्या बैठकीत होणार आहे, आणि रात्रीच्या जागलीला जाणारा माणूस मोजला गेल्याशिवाय ते सुरूही होणार नाही.